वेशीबाहेरची नावं

कळंब, १८ नोव्हेंबर

प्रीते,

तुझा फोन लागत नाही, मेसेजवर एकच टिक येते. म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे. म्हणून सरळ पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तुझ्या मुरुमच्या खोलीचा पत्ता सृष्टीकडून काढला. ती द्यायला तयार नव्हती, पण मी तिच्या मेडिकलच्या काउंटरसमोर ठाण मांडलं, गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा कुठं दिला.

मुद्द्याचं बोलते. परवा रविवारी ऐन खेळात तू उठून गेलीस. म्हणालीस, "माझी गाडी आहे." गाडीला अजून चिक्कार वेळ होता, हे तुला आणि आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. तुझा नकाशा सतरंजीवरच राहिला. आईनं नुकतंच गूळ-मिरचीचं ताट वर पाठवलं होतं, त्याला कुणी हात लावला नाही. शिवपुत्र मला म्हणाला, "मास्तरीणबाई, आज राहू द्या," आणि तोही चप्पल घालून चालता झाला.

जिन्यात आईनं विचारलं, "भांडलात का गं?" आई अजून आपल्या खेळाला 'तुमच्या त्या सोंगट्या' म्हणते. मी तिला पुन्हा एकदा समजावलं की सोंगट्या नाहीत त्या. मी गोष्ट सांगते, बाकीची तिघं एकेक माणूस होऊन त्या गोष्टीत वावरतात, काय करणार ते बोलतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग प्रीती गोष्टीतून उठून गेली का आपल्या माडीवरून?" आडतीच्या धंद्यात राहून बाईला असं नेमकं विचारायची सवय लागली आहे. मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

आता माझी बाजू ऐक. आदल्या खेळाला तू मला मिरची दिली होतीस. आधी गूळ खाऊन म्हणालीस की चोरवाटेचा प्रसंग भारी होता. मग मिरचीचा तुकडा मोडलास आणि नकाशा माझ्यापुढं सरकवलास. खेळात तू नकाशे काढणारी रेवा, भेटेल त्याला नाव विचारून कागदावर टिपणारी. म्हणालीस, "हे बघ निके. वेशीच्या आत लिहायला जागा उरली न्हाय. सावकाराला नाव हाय, सोनाराला हाय, देवळातल्या मांजराला सुद्धा तू नाव दिलंयस. अन् वेशीच्या बाहेर? दर खेपेला मी विचारते, ह्येचं नाव काय. तू म्हणतीस, असंल कुणीतरी, पुढं चल. तुझ्या खेळात बाहेरच्याला नावच नसतं."

मी काय केलं? "ऐकलं" म्हणाले. नियमच तो आहे आणि नियम माझाच आहे. खेळ संपला की देणाऱ्यानं आधी गोड सांगायचं, मग तिखट. घेणाऱ्यानं फक्त 'ऐकलं' म्हणायचं. सबब द्यायची नाही, हुज्जत घालायची नाही. पुढच्या खेळात ते ऐकलेलं दिसलं म्हणजे झालं. सृष्टी तर म्हणाली होती की हा नियम तिच्या सासरी लावला पाहिजे.

तर मी ऐकलं, आणि पुढच्या खेळात दाखवलंही. वेशीबाहेर उभा राहून आत वर्दी देणारा एक माणूस घातला आणि त्याला नाव दिलं. ओघात तोंडाला आलं ते दिलं. मच्छिंद्र. तुझ्या वडिलांचं नावही तेच आहे, मान्य. पण जगात काय एकच मच्छिंद्र आहे? आमच्या आडतीवर पोती उचलायला मागं एक मच्छिंद्र होता. तू नाव मागितलंस, मी दिलं. त्यात भर खेळातून उठून जाण्यासारखं काय होतं, ते मला कळव.

नकाशा मी जपून ठेवलाय. तीस तारखेला ये. रेवा अजून वेशीतच उभी आहे, तुझ्यावाचून गोष्ट पुढं सरकत नाही.

तुझी,
निकी

कळंब, १ डिसेंबर

प्रीती,

तुझं उत्तर नाही. काल तू येणार नाहीस हे दिसतच होतं, तरी मी माडीवर सतरंजी अंथरली, सोयाबीनची पोती एका अंगाला सरकवून घेतली, तुझ्या जागेवर नकाशा ठेवला. शिवपुत्रचा निरोप आला की दुकानात मोबाईल दुरुस्तीची गर्दी आहे. रविवारी त्याचं दुकान बंद असतं.

सृष्टी आली, पण बसली नाही. जिन्याच्या तोंडाशीच उभी राहून म्हणाली, "तिला लिहिलंस ना? काय लिहिलंस?"

मी सांगितलं. नावाचं लिहिलं, नियमाचं लिहिलं.

"अन् आवाजाचं?"

मी नकाशा सरळ करायला लागले.

"मग तू लिहिलंस काय?" ती म्हणाली. सृष्टीला तू ओळखतेस. औषध द्यायला सुद्धा ती दोनदा चिठ्ठी वाचते. कुणाला उगाच बोलणारी ती नाही.

बरं, आवाजाचं लिहिते.

माझ्या खेळात मी माणसांचे आवाज काढते आणि त्याचा मला माज आहे, हे तुम्हा तिघांना माहीत आहे. सावकाराचा नाकातला आवाज काढला होता तेव्हा शिवपुत्रला हसून ठसका लागला होता. त्या दिवशी वर्दी देणाऱ्या मच्छिंद्रला मी काकांचा, तुझ्या वडिलांचा, आवाज दिला. स्टँडवर ते गाड्या पुकारतात, तो कर्ण्यातला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं... गाडी लागलेली आहेऽऽ" असा तो शेवट लांबवून, वर नेऊन सोडलेला. पहिल्याच वाक्याला शिवपुत्र हसला. सृष्टी हसली. कळंबात जन्मलेल्या कुणालाही तो आवाज कुणाचा ते सांगावं लागत नाही.

तू पेन नकाशावर टेकवून नाव लिहीत होतीस. पुढं वेशीवरचा पहारेकरी त्याला म्हणाला, लांब सर, सावली पडतीय. आणि त्याच आवाजात, तोच सूर लांबवून मी त्याला बोलायला लावलं, "जी सरकाऽऽर."

त्यावर कुणी हसलं नाही. बहुतेक नाही. मी तुमच्याकडं पाहत नव्हते. नकाशावर वेशीबाहेर 'मच्छिं' एवढंच लिहिलेलं आहे, पुढं पेनाचा एक ठिपका आहे.

आता तू म्हणशील की मुद्दाम केलंस. तसं नाही गं. आवाज ओघात आला. मला काकांचा आवाज आवडतो. कॉलेजात असताना आपण धाराशिवहून यायचो, फलाटावर पाय ठेवला की तो आवाज कानावर पडायचा आणि घरी आल्यासारखं वाटायचं. कळंबात त्यांची नक्कल कोण करत नाही? आणि 'जी सरकार' म्हणशील तर जुन्या काळच्या गोष्टीत माणसं तसंच बोलतात. मी इतिहासाला धरून केलं.

हे मी सृष्टीलाही ऐकवलं. ती जिना उतरायला लागली होती, मध्येच थांबली. म्हणाली, "मी हसले, त्याची मला लाज वाटती. तुला कशाची वाटती ते आधी ठरव, मग लिही तिला."

मला लाज वाटते, प्रीती. ती नेमकी कशाची ते मला अजून धड सांगता येत नाही. पण तुझ्या मिरचीला मी 'ऐकलं' म्हणाले आणि मग गोष्टीच्या आडून उत्तर दिलं, एवढं मात्र खरं आहे. नियम मीच मोडला.

निकिता

कळंब, १० डिसेंबर

प्रीती,

हे पत्र रागानं फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड. कारण मी एक काम केलंय आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

मी काल काकांची माफी मागायला गेले.

मला वाटलं होतं की त्यांना ठाऊक असेल. तू घरी सांगितलं असशील, ते माझ्यावर चिडून असतील, मी चार शब्द ऐकून घेईन आणि मोकळी होईन. मोकळी होईन, हेच डोक्यात होतं. चालत जाताना वाक्यं जुळवत गेले होते.

दुपारची वेळ, स्टँडवर फारशी गर्दी नव्हती. काका नियंत्रकाच्या खोलीत चहा बशीत ओतत होते. मला बघून खूश झाले. "काय गं निकिता, कुठं निघालीस?"

"कुठं नाही काका. तुमच्याकडंच आले."

"माझ्याकडं? बस मग. आडतीवर भाव काय चाललाय, तुझे आण्णा बरे हाईत ना?"

मी बसले नाही. पाठ केलेलं सगळं उलटसुलट होऊन बाहेर आलं. म्हटलं, काका, मला माफ करा, मी आमच्या खेळात तुमची नक्कल केली.

ते हसायलाच लागले. "एवढंच व्हय? डेपोतली पोरं रोज करत्यात. तुझी कशी हाय बघू, कर की."

मी नको नको म्हणत होते. ते ऐकेनात. तिकिटाचं मशीन दुरुस्तीला घेऊन आलेला एक कंडक्टर दारात होता, तोही म्हणाला, करा की ताई. मग मी केली. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," तिथपासून "लागलेली आहेऽऽ" पर्यंत. काकांनी मांडीवर थाप मारली. "जमलंय की गं! मला सुट्टी असली की तूच बस हितं. अन् मग? पुढं काय म्हणला तुझा त्यो माणूस?"

प्रीती, तिथं मला खोटं बोलता आलं असतं. पुढं काही नाही काका, एवढंच, असं म्हणून मी निघाले असते तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मला माफी हवी होती ना. मी सांगितलं. माझ्या स्वतःच्या आवाजात सांगितलं, त्यांच्या आवाजात तोंडातून निघेना. वेस, पहारेकरी, सावली, आणि ते दोन शब्द.

कंडक्टर हळूच निघून गेला. काकांनी बशी खाली ठेवली.

"कुणाला म्हणला त्यो?"

"पहारेकऱ्याला."

"पोरगा का म्हातारा?"

"पोरगा."

"हं," म्हणाले. बाहेर उभ्या गाडीकडं वळले. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "माझा बाप म्हणायचा गं. पाटलाच्या शेंबड्या पोराला सुद्धा म्हणायचा, चप्पल हातात घिऊन. मला शाळेत घातलं तवा त्यानं एकच सांगितलं, तू म्हणू नगंस. म्या न्हाय म्हणलं कधी. मॅनेजरला सर म्हणलं, मंत्री आला तर साहेब म्हणलं. पर ते न्हाय म्हणलं." मग म्हणाले, "माझ्या आवाजात ते पयल्यांदा तू म्हणलीस."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, आणि केलं नाही तेच बरं झालं.

"प्रीतीला ठाव हाय?"

"तिच्यासमोरच केलं."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "मला म्हणली, बँकेत काम वाढलंय म्हणून येणं व्हत न्हाय. त्या रविवारी हितंच फलाटावर उभी होती, पाठ करून. म्या तिची गाडी पुकारली तरी वळून बघितलं न्हाय. गाडीत चढताना डोळे लाल दिसले, मला वाटलं डोळे आलेत पोरीचे."

तू त्या दिवशी आमच्या माडीवरून उठून सरळ स्टँडवर गेलीस आणि त्याच आवाजाखाली गाडीची वाट बघत उभी राहिलीस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस आलं नव्हतं. मी पत्रात तुला विचारत होते की उठून जाण्यासारखं काय झालं.

आणि तू त्यांना सांगितलं नव्हतंस. त्यांच्यापर्यंत ते जाऊ नये म्हणून सुट्टीची घरची वाट सोडलीस, बापाशी खोटं बोललीस. मी तिथं गेले आणि चहाच्या वेळेला ते त्यांच्या पुढ्यात ठेवून आले.

धाराशिवची गाडी लागत होती. काकांनी माइक हातात घेतला, क्षणभर तसाच धरला. मग म्हणाले, "कळंब-धाराशिव, फलाट दोन, लागली आहे." एवढंच. शेवट लांबवला नाही. माइक ठेवला आणि मला म्हणाले, "जा आता. कामाची वेळ हाय."

मला काय लिहावं कळत नाही. मी आधी एक वाईट केलं आणि ते धुवायला गेले तर दुसरं केलं. लाजेनं तोंड दाखवायला जागा नाही असं नुसतं म्हणतात, पण काल मी खरंच स्टँडच्या मागच्या बाजूनं, उसाच्या ट्रॉल्यांच्या आडून घरी आले.

निकिता

कळंब, २१ डिसेंबर

प्रीती,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या. इथं पुन्हा लिहून काढते, म्हणजे मला सोयीचं तेवढंच ऐकलं असं व्हायला नको. 'बाबांना हे कळू नये एवढीच माझी धडपड होती. तू जाऊन सांगितलंस. तुला हलकं वाटलं असेल. माझा नकाशा पाठव.'

ऐकलं.

नियमाप्रमाणे इथं थांबायला पाहिजे. पण तुझ्या मिरचीत यायला हवी अशी अर्धी गोष्ट मी अजून लपवून ठेवली आहे आणि ती तुला न देता नियम पाळला तर तोही एक नाटकीपणाच होईल. ही सबब नाही. सबबी मी पहिल्या दोन पत्रांत देऊन बसले आहे.

नाव ओघात तोंडाला आलं असं लिहिलं होतं. आवाज ओघात आला असंही लिहिलं होतं. दोन्ही खोटं. खेळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी माडीवर एकटी होते. पोत्यांच्या मधे उभी राहून मी काकांच्या आवाजाचा सराव केला. तो शेवटचा सूर जमत नव्हता, जमेपर्यंत केला. मग 'जी सरकार' त्या सुरात बसवून पाहिलं. जमलं तेव्हा मला आनंद झाला. आई खालून म्हणाली, कोण आलंय गं वर? मी म्हटलं, कोणी नाही.

म्हणजे ओघात काहीच नव्हतं. तू मिरची दिलीस ती झोंबली, सगळ्यांदेखत झोंबली, आणि ती खरी होती म्हणून जास्त झोंबली. आमच्या घरातल्या गोष्टी मी जशा ऐकत आले तशाच सांगत होते. त्यात आत राहणाऱ्यांना नावं असायची आणि बाहेरचे नुसते 'ते' असायचे. तू नकाशा पुढं सरकवलास तेव्हा मला पहिल्यांदा ते दिसलं. नुसतं दिसलं असतं आणि मी गप्प राहिले असते तरी ठीक होतं.

पण तेव्हा माझ्या मनात एक वाक्य आलं. ते लिहायला मी कालपासून तीनदा बसले आणि उठले. तुला 'ऐकलं' म्हणताना मी मनात म्हणत होते, 'हिला आपण आपल्या माडीवर बसवतो, आणि ही आपल्यालाच शिकवते.'

बसवतो. प्रीती, आठवीपासून आपण एका बाकावर. तुमच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून आपण दहावीचं गणित सोडवलं, तुझ्या आईच्या हातच्या भाकरी मी मोजल्याविना खाल्ल्या, आणि त्यांच्या मनात एकदा तरी आलं असेल का, की ह्या पोरीला आपण 'बसवतो'? हा शब्द माझ्यात कुणी घातला म्हणून आण्णांवर, आजोबांवर ढकलता येईल. पण तू मिरची दिलीस त्या दिवशी तो माझ्याच मनात आला आणि त्याच्या जोरावर मी शनिवारभर सराव केला. खेळात मी कुणालाही काहीही बोलायला लावू शकते, तो माझा अधिकार. तो मी तुझ्या बापावर चालवला. मला ह्याची लाज वाटते. सृष्टीनं विचारलं होतं ना कशाची, तर ह्याची.

आता नकाशाचं. तुझं पत्र यायच्या आधी मी आणखी एक आगाऊपणा करून ठेवला होता. वेशीबाहेरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं झोपड्या काढल्या, माणसं काढली, प्रत्येकाला छान छान नावं दिली. मला वाटलं, तू उघडून बघशील आणि विरघळशील. सृष्टीला दाखवला. तिनं निवांत सगळा बघितला आणि म्हणाली, "म्हंजी बाहेरच्यांची नावं परत तूच ठरवणार?" मी खोडरबर घेतलं. कागद जरा चुरगळलाय, त्याबद्दल माफ कर. 'मच्छिं' हे तुझं अक्षर आहे, त्याला मी हात लावलेला नाही.

पोस्टानं पाठवायचा धीर होत नाही. सृष्टी तुझ्याकडं यायचं म्हणतेय, तिच्या हाती देते.

निकिता

कळंब बसस्थानक, ३ जानेवारी, दुपार

प्रीती,

बाकावर बसून लिहितेय, अक्षर लागेल तसं वाच. सृष्टी आणि शिवपुत्र आज तुझ्याकडं निघालेत. नकाशा पुठ्ठ्याच्या नळीत घालून शिवपुत्रच्या पाठीवर अडकवलाय. आता खेळ तू चालवणार, तुझ्या खोलीवर, उद्या, हे सृष्टीनं मला परवा सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ऐकून वाईट वाटलं. तेवढाही हक्क आपल्याला आहे का असं मनात आलं, तरी वाटलंच.

मग तिनं तुझा निरोप सांगितला. दोनदा विचारून घेतला मी तिच्याकडून, कारण मला त्यात काही आपल्या मनाचं घालायचं नव्हतं. 'निकीला म्हणावं, खेळायला येऊ नकोस. खेळ संपल्यावर मिरचीला ये. गूळ ठेवणार नाही.'

मला वाटलं होतं की तू बोलावलंस तर मला आनंद होईल. आनंद झाला नाही. भीती वाटली. तुम्ही तिघं आपापलं सांगणार आणि मी एकेकाला 'ऐकलं' म्हणणार, आणि ह्या वेळी पुढचा खेळ माझ्या हातात नसणार. असंच असलं पाहिजे.

आत्ता गाडीची चौकशी करायला काकांच्या खिडकीशी गेले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मान वर करवत नव्हती. त्यांनीच विचारलं, "कुठं?"

"उद्या मुरुमला."

"प्रीतीनं बोलावलंय?"

"हो."

त्यांनी गाड्यांचा तक्ता बघितला. मग म्हणाले, "सकाळची पयली गाडी धर. धाराशिवला उमरग्याची मिळंल. मधी कुठं थांबू नगंस, उशीर व्हईल." माफ केलं असं मी समजत नाही. प्रवाशाला गाडी सांगितली त्यांनी.

एक गोष्ट तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. तू इथं असतीस तर तुला लगेच कळली असती. आत्ता त्यांनी सृष्टीची गाडी पुकारली. "कळंब-धाराशिव, फलाट दोन, लागली आहे." त्या दिवसासारखंच, सपाट. मी मघापासून बसलेय, सगळ्या गाड्या ऐकल्या. बार्शी, लातूर, वाशी. एकाही गाडीला तो सूर लांबवला नाही. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "का गं, आज दुसराच माणूस बसलाय काय आत?" मी तिला सांगितलं, नाही आजी, तेच आहेत.

कळंबातून तो सूर मी घालवला. तुझ्या मिरचीत हेही धर. दुसऱ्या कुणी तुला सांगण्याआधी माझ्याकडून तुला कळलेलं बरं.

सृष्टी खिडकीतून हात लांब करून पत्र मागतेय, कंडक्टरनं घंटी मारली. उद्या येते. गूळ खरंच ठेवू नकोस.

निकिता